खिडकीतला पेला

राजाजीनगरात राहायला आले तेव्हा 'संप' या शब्दानं माझी चांगलीच फजिती केली होती. इथे घरापुढच्या जागेत जमिनीखाली पाण्याची टाकी बांधलेली असते, तिला संप म्हणतात. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "संप भरला की मोटर लावायची, विसरायचं नाही." मी आपली विचार करत बसले, संप कोणाचा आणि तो भरतो कसा?

2024 च्या मार्च महिन्यात मात्र आमचा संप अगदी मराठी अर्थानं संपावर गेला. आदल्या वर्षीचा पाऊस कमी झाला होता आणि बंगळूरभर बोअरवेल आटल्या होत्या. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपांनी चढवत या शहरात आणावं लागतं. ते नळाला यायचं, पण ठरल्या दिवशी आणि करंगळीएवढ्या धारेनं. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड, असं त्याच महिन्यात जाहीर झालं. आम्हाला गाडी नाही, त्यामुळे ती एक काळजी नव्हती. बाकी सगळ्या होत्या. डाळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं पाणी संडासाला, असा हिशेब घराघरांत चालू होता.

त्या शनिवारी टँकर यायचा होता, तो आला नाही. पिण्याच्या पाण्याचा कॅन आणून देणारा मुलगाही फिरकला नाही. मला दोन दिवस ताप होता आणि दुपारची गोळी घ्यायची होती. घरात घोटभर पाणी नव्हतं. मोरीत सकाळपासूनची भांडी तशीच पडलेली.

एवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का आल्या. काखेत प्लास्टिकची निळी कळशी. त्यांच्या गल्लीतल्या नळाला पहाटे पाणी आलं होतं, ते त्यांनी रांगेत उभं राहून भरलं होतं आणि त्यातली एक कळशी आमच्यासाठी आणली होती. रोज सरळ आत येणाऱ्या अक्का त्या दिवशी उंबऱ्याशी थांबल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "अम्मा, आमच्या घरचं पाणी आहे. चालेल ना?"

त्या 'चालेल ना'चा अर्थ कळायला मला वेळ लागला नाही. म्हणून तर कानशिलं तापली. ताप होताच, पण हा वेगळा होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीत गजाच्या आत एक स्टीलचा पेला असतो. काठाला पोचा आलेला. तो अक्कांचा. कॉफी त्यातच, पाणी त्यातच. पिऊन झालं की त्या स्वतः धुऊन पुन्हा खिडकीत ठेवायच्या. हा नियम मी केला नाही. सासूबाईंच्या हाताखाली कोणीतरी कामाला होतं तेव्हापासून असा एक पेला आमच्या घरात आहे. घर बदललं, गाव बदललं, नगर सोडून बंगळूर आलं, पेला बरोबर आला. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. जात मागे टाकून आलो असं अभिमानानं सांगणारे. हाक मारताना 'अक्का', आणि पेला खिडकीत!

आणखी लाज वाटण्याजोगी गोष्ट अशी की, दुसऱ्या दिवशीच्या संडे स्कूलसाठी मी शोमरोनी स्त्रीचा धडा तयार करत होते. योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली ही गोष्ट मी कित्येक वर्षं शिकवत आले आहे. भरदुपारी थकलेला येशू याकोबाच्या विहिरीशी बसलेला आहे. शिष्य अन्न विकत आणायला गावात गेलेत. पाणी भरायला आलेल्या परक्या समाजातल्या बाईकडे तो प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसत. पुढे ती म्हणते की विहीर खोल आहे आणि तुझ्याजवळ तर पोहराही नाही. मुलांसाठी मी कागदाच्या घागरी कापून ठेवल्या होत्या. ज्या टेबलावर कापल्या तिथून ती खिडकी तीन हातांवर आहे. जिवंत पाण्याबद्दल मी दरवर्षी भरभरून सांगत असे. पण येशूजवळ भांडं नव्हतं, म्हणजे तो प्यायला असता तर तिच्याच भांड्यातून, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात कधी आली नव्हती.

पाण्याशी आपलं महाराष्ट्रातल्या माणसांचं नातं काही साधं नाही. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला. 1927 च्या 20 मार्चला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायले. ही मोठी माणसं. मला त्या दुपारी आठवल्या त्या लक्ष्मीबाई टिळक, कारण त्यांची लढाई स्वयंपाकघरातली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षांनी त्या पतीजवळ राहायला आल्या, पण आपलं सोवळं सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मग त्यांच्या त्यांनाच विचार करता करता उमगलं की या जाती काही देवानं केलेल्या नाहीत, माणसांनी केल्यात. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली झाला. म्हणजे आधी पाणी सुटलं आणि मग धर्म आला! आमच्या घरी नेमकं उलटं झालं असावं. 'स्मृतिचित्रे' आमच्या कपाटात आहे, दोनदा वाचलेलं. वाचताना मी सोवळ्याच्या गमतींना खळखळून हसले होते.

"चालेल ना?" अक्का अजून उंबऱ्यातच होत्या.

"आत या हो," म्हटलं. पाणी ओतून घ्यायला भांडं शोधलं तर सगळी मोरीत खरकटी. घरात एकच भांडं स्वच्छ होतं, खिडकीतलं. मी हात लांबवून तो पेला घेतला, कळशीतलं पाणी ओतलं आणि गोळी घेतली. अक्का बघत होत्या. मग त्यांनी नजर वळवली आणि पदर खोचून भांड्यांकडे गेल्या. काही बोलल्या नाहीत. मीही नाही. मी माफी मागायला हवी होती, पण कन्नडमध्ये ते कसं म्हणायचं ते सुचलं नाही. हे कारण लंगडं आहे, मला ठाऊक आहे. मराठीतही सुचलं नव्हतं.

रविवारी धडा शिकवला. कागदाच्या घागरी मुलांना आवडल्या.

सोमवारी पेला मी आमच्या मांडणीत, आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवला. अक्का आल्या, सवयीनं खिडकीकडे गेल्या. "नन्न लोटा एल्ली?" माझा पेला कुठाय? मी मांडणीकडे बोट दाखवलं, "त्यातला कुठलाही घ्या." त्यांनी रांगेवर नजर फिरवली, पोचा आलेला नेमका शोधला आणि तोच घेतला. कॉफी झाल्यावर धुतला आणि पुन्हा खिडकीत ठेवला.

मी तो परत मांडणीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं चार-पाच दिवस चाललं, न बोलता. शेवटी मी दोन सारख्या पेल्यांत कॉफी ओतली, एक त्यांच्या हातात दिला आणि एक मी घेतला. त्यांनी पेला पदरानं धरला, जणू दुसऱ्या कोणाची वस्तू आहे. पण प्यायल्या.

जूनमध्ये पाऊस लागला. पोच्याचा पेला आता कोणाच्याही हाती येतो. परवा आमच्या ह्यांनी त्यातून ताक घेतलं आणि काठ ओठाला लागला म्हणून कुरकुर केली. अक्का कॉफी पितात मात्र अजून दाराशी पाटावर बसून. खुर्ची सरकवून दिली तर हसतात आणि पाटावरच बसतात. त्यांना तशीच सवय आहे, असं मी स्वतःला सांगते. पेल्याबद्दलही मी असंच सांगत होते.