घरपट्टीचा आकडा आणि आगीचा बंब

घरपट्टीचें बिल हातीं पडलें कीं आमच्या गांवठाणांतील बहुतेक माणसें शेवटचा आकडा पाहतात, कपाळाला हात लावतात आणि कागद फडताळांत टाकतात. वरच्या ओळी कोणी वाचीत नाहीं. तुर्भे, घणसोली, दिवाळे, करावे या गांवांच्या जमिनी 1970 पासून नवी मुंबईसाठीं सरकारानें घेतल्या. 1 जानेवारी 1992 रोजीं महापालिका आली आणि शेतसाऱ्याच्या जागीं घरपट्टी बसली. सारा कसा आकारतात हें अडाणी आज्यालाही ठाऊक होतें. घरपट्टी कशी आकारतात हें शिकलेल्या नातवाला सांगतां येत नाहीं.

हिशेब तर चौथीच्या मुलाचा आहे. घर भाड्यानें दिल्यास वर्षाचें वाजवी भाडें काय येईल तें धरावयाचें. समजा, 12,000 रुपये. दुरुस्तीबद्दल दहावा हिस्सा, म्हणजे 1,200, वजा. उरले 10,800. यास करयोग्य मूल्य म्हणतात, व त्यावर शेंकडेवारीनें कर बसतात. सबब बिल भारी वाटल्यास आधीं धरलेलें भाडें पाहावें. तें अवाच्या सवा असेल तर हरकत घेण्याचा हक्क कायद्यानें दिला आहे. मुदत मात्र चुकवूं नये. बिलांतील शिक्षण कर राज्य सरकारचा. महापालिका तो केवळ गोळा करून देते.

"आम्ही पट्टी भरतों, मग चौकीवर शिपाई कां नाहीं?" असें पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त, पत्ता चुकीचा. अमेरिकेंतील शहरांत पोलिसांचा पगार बहुधा शहराच्याच तिजोरींतून निघतो. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय आहे. नवी मुंबईचें पोलीस आयुक्तालय 1994 सालीं झालें, तें राज्याच्या पैशावर चालतें. महापालिकेनें रस्त्यावर क्यामेरे बसविले असतील, पण एकही शिपाई वाढविणें तिच्या हातीं नाहीं. त्यासाठीं आमदाराचें दार ठोठवावें.

आगीचा बंब मात्र आपला आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर येथील अग्निशमन केंद्रें महापालिकेच्या पैशावर, म्हणजे तुमच्या आमच्या पैशावर चालतात. आतां गांवठाणांत जाऊन पाहा. घराला घर लागलेलें, गल्लींत हातगाडी कशीबशी शिरते. बंब मोठ्या रस्त्यावर उभा राहणार आणि नळी हातांनीं ओढीत न्यावी लागणार. उंच इमारतींना 2006 च्या कायद्याप्रमाणें आगीची व्यवस्था ठेवावी लागते व दर जानेवारी-जुलैंत ती सुस्थितींत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गांवठाणांतील लोहाराच्या घराला काय आधार? घरें दाटलीं हा गांवकऱ्यांचा गुन्हा, असें म्हणणारे शहाणे आहेत. शेतें गेलीं, कुटुंबें वाढलीं, गांवठाणाची हद्द वेळेवर वाढविली नाहीं. मग माणसांनीं आभाळांत राहावयाचें काय?

पैसा नाहीं, हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. 2024-25 चें अंदाजपत्रक 4,950 कोटींचें होतें. त्यांत एकटी घरपट्टी नाहीं. स्थानिक संस्था कर 2015 सालीं बहुतेक उठला. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आली, आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्य सरकार महापालिकेस देतें. म्हणजे साबणाची वडी घेणारी मोलकरीणही या तिजोरींत भर घालते. भाडेकऱ्यानें हिशेब विचारूं नये, हें म्हणणें म्हणूनच खोटें आहे.

थकबाकीचा न्याय आणखीच विचित्र. पट्टी थकली कीं दरमहा शेंकडा दोन दंड चढतो. गरीब भितो, कानांतलें गहाण ठेवून भरतो. मोठा थकबाकीदार अभय योजनेची वाट पाहतो. 2024 च्या मार्चांत अशीच योजना निघून दंडांत मोठी सूट मिळाली. वेळेवर भरणाऱ्याला काय मिळालें? पावती.

यावर बोलणार कोण? आयुक्तानें अंदाजपत्रक मांडावें, स्थायी समितीनें तपासावें, सभेनें मंजूर करावें, अशी कायद्याची रीत. परंतु मे 2020 मध्यें सभेची मुदत संपली ती जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत सभा नव्हती. प्रशासक म्हणून आयुक्तच मांडणार व आयुक्तच मंजूर करणार! व्यक्तीस आम्ही दोष देत नाहीं; पण मागणारा आणि देणारा एकच असतां गल्लीची अडचण मध्यें बोलणार कोण? पुणें नगरपालिकेंत 1880 सालीं व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा म्हणून जोतीराव फुले यांनीं एकट्यानें विरुद्ध मत दिलें. ठराव पास झाला, पण सभेंत विरोध तरी नोंदला गेला.

आतां 111 सभासद निवडून आले आहेत. मतें मागावयास ते आमच्याच ओट्यावर बसले होते. त्यांनीं सभेंत विचारावें कीं, अरुंद गल्लींत शिरतील असे लहान बंब किती घेणार, कोणत्या गांवठाणांत आगीसाठीं पाण्याचे नळ कोणत्या महिन्यापर्यंत बसविणार, आणि ही रक्कम अंदाजपत्रकाच्या कोणत्या पानावर आहे. उत्तर मिळेल तें त्यांनीं चावडीवर येऊन वाचून दाखवावें.