बत्तीस मुली, एकतीस पराभव आणि आपला पीटीचा तास



आधी एक सोपं गणित. टेनिसच्या एकेरी स्पर्धेत ३२ खेळाडू आहेत. जी हरली ती बाहेर. मग विजेती ठरेपर्यंत एकूण किती सामने होतील?

आठवीच्या वर्गात हे विचारलं की मुलं लगेच १६ अधिक ८ अधिक ४ अशी बेरीज सुरू करतात. माझ्या वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी बेरीज न करताच म्हणाली, "मॅडम, एक सोडून सगळ्या हरणार. प्रत्येक मॅचला एक. म्हणजे ३१." उत्तर अगदी बरोबर. वर्गात सगळ्यात छान फोरहँड मारणारी मुलगीही तीच होती.

हे गणित मला पुन्हा आठवलं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. तेव्हा मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर 'मुंबई ओपन' ही महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा चालू होती. कोईमतूरची माया राजेश्वरन ही अवघ्या १५ वर्षांची मुलगी पात्रता फेरीतून आली आणि थेट उपांत्य फेरीत पोचली. तिथे स्वित्झर्लंडच्या जिल टाइकमनने तिला हरवलं आणि पुढे विजेतेपदही टाइकमननेच मिळवलं. माया म्हणजे वयाने आमच्या नववी-दहावीच्या मुलींएवढीच!

हीच स्पर्धा २०१७ साली आर्यना साबालेंकाने जिंकली होती. तेव्हा ती १९ वर्षांची होती. पुढे २०२३ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. आपल्या नाशिकरोडहून सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघालं तर दुपारच्या आत पोचू, इतक्या जवळ हे सगळं घडलं. पण आपल्यापैकी किती जणांनी वर्गात त्याचा उल्लेख केला? मीही आधी कधी केला नव्हता.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे येते. वडील सातपूरला कंपनीत कामाला. घराजवळच्या सिमेंटच्या कोर्टवर ती जुन्या रॅकेटने खेळायची. नववीत गेल्यावर वडील शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, आता बास झालं खेळणं. पुढं दहावी आहे. तुम्हीच सांगा तिला." आणि मी सांगितलं. "बाळा, दहावी झाली की खेळ परत," असं म्हणाले. तिने मान हलवली. दहावी झाली, पण ती परत काही कोर्टवर गेली नाही. मला वाटतं, तिचा खेळ वडिलांनी एकट्याने थांबवला नाही. मी त्यात सामील होते.

वडिलांचा हिशोब चुकीचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. टेनिस महाग आहे. रॅकेट, तारा, बूट, कोचिंग, प्रवास असा सगळा खर्च. व्यावसायिक स्पर्धांची सगळ्यात खालची पायरी १५ हजार डॉलरची. ही रक्कम एका खेळाडूची नव्हे, पूर्ण स्पर्धेची. त्यातून विजेतीला दोन हजार डॉलरच्या थोडं वर मिळतं. पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलीच्या हाती येतात दीडशे डॉलरच्या आसपास. त्यात प्रवास, राहणं, खाणं सगळं भागवायचं. तेव्हा "मुलीला टेनिसमध्ये घाला, नाव काढेल" असा सल्ला मी कुणाला देणार नाही.

पण प्रश्न व्यावसायिक खेळाडू होण्याचा नाहीच. प्रश्न असा, की आपण खेळाला दोनच खाती का ठेवतो? एक तर मेडल, नाहीतर दहावीचे वाढीव क्रीडा गुण. दोन्ही मिळणार नसतील तर 'बास झालं'. गणितात पैकीच्या पैकी मिळत नाहीत म्हणून आपण कुणाचं गणित बंद करत नाही ना?

आणि 'अभ्यास की खेळ' ही जोडीही आपणच लावलेली आहे. ऋतुजा भोसले ही आपल्या महाराष्ट्राची खेळाडू. टेनिस खेळत खेळतच ती अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकली. पुण्याच्या वैष्णवी आडकरने २०२५ मध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. ही स्पर्धाच मुळात विद्यार्थ्यांची असते. आणि आपल्या जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत? २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत १० हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई खेळांत रौप्य. पाड्यावरची मुलगी धावू शकते, तर शहरातल्या मुलींचं मैदान नववीत का सुटतं? मुलांचं इतक्या लवकर सुटत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर एक चक्कर मारा, मोजून बघा.

मला त्या ३१ पराभवांचं महत्त्व जास्त वाटतं. टेनिसच्या एकेरीत शेजारी कुणी नसतं. चूक झाली तर आपली. वीस-पंचवीस सेकंदांत पुढची सर्व्हिस करायची, रडत बसायला वेळ नाही. हरल्यावर नेटपाशी जाऊन समोरच्या मुलीशी हात मिळवायचा, पंचांशी मिळवायचा, बॅग उचलायची आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी परत पहिल्या फेरीपासून सुरुवात. दोन गुण कमी पडले म्हणून जेवण सोडणारी मुलं आपण दरवर्षी बघतो. हरून परत उभं राहण्याचा धडा आपल्या कोणत्या पुस्तकात आहे? तो मैदानावरच शिकावा लागतो, आणि मैदानाचा तास तर आपणच खाऊन टाकतो.

होय, मीही खाल्ला आहे. "सिलॅबस राहिलाय, आज पीटी नाही" हे वाक्य मी कितीदा म्हटलं असेल, मोजदाद नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती: पीटीचा तास मागू नका, कुणी दिला तरी घेऊ नका. मी या जूनपासून घेत नाही. सिलॅबस होतो, थोडी ओढाताण होते एवढंच. दुसरं, महिलांची एखादी स्पर्धा चालू असेल तेव्हा तिचा ड्रॉ फळ्यावर काढा. गणित होतं, भूगोल होतो, आणि मुलींना कळतं की हे काम करणाऱ्या बायका जगात आहेत.

पालकांना विनंती एवढीच: नववी-दहावीत खेळ कमी करा हवं तर, पण बंद करू नका. रोजचा अर्धा तास राहू द्या. आणि मुलगी हरून घरी आली की "किती झाले?" विचारण्याआधी तिला पाणी द्या, जेवायला वाढा.

त्या मुलीची आई परवा भाजी बाजारात भेटली. मुलगी कॉलेजला जाते, हुशार आहे, सगळं छान चाललंय. मी रॅकेटचं विचारलं. "माळ्यावर आहे हो, मॅडम," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, खाली काढून ठेवा. मी येते तिच्याशी बोलायला." या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे.