अळ्यांवर पेट्रोल हा उपाय नव्हे

पावसाळा लागला की आमच्या ओपीडीत कुत्रा चावलेले काही रुग्ण एकसारखीच हकिगत सांगतात. ‘कुत्रा घरचाच आहे, डॉक्टर. जखमेत अळ्या पडल्या म्हणून पेट्रोल ओतलं, तर उलटून चावला.’ कुणी फिनेल ओततो, कुणी रॉकेल, कुणी डांबरगोळीची पूड भरतो. हेतू चांगला असतो; पण उघड्या मांसावर पेट्रोल पडल्यावर मुकं जनावर दुसरं काय करणार?

माशी जखमेच्या कडेला अंडी घालते. दमट हवेत साधारण दिवसभरात त्यातून अळ्या निघतात. काही माश्यांच्या अळ्या सडलेलं मांस खातात. पण ‘क्रायसोमिया बेझियाना’ या माशीच्या अळ्या जिवंत मांस कुरतडत आत शिरतात. वरून लहान दिसणारं भोक आत खोल गेलेलं असतं. पेट्रोलने वरच्या अळ्या मरतात, खोलवरच्या राहतात. कातडी मात्र भाजते आणि जनावर चाटून ते विष पोटात घेतं. फिनेल तर मांजरांच्या जिवावर बेततं.

हे काम पशुवैद्यकांचं आहे. ते भोवतालचे केस कापतात, गरज पडल्यास गुंगी देतात, चिमट्याने अळ्या काढून सलाईनने जखम धुतात. हे अनेकदा दोन-तीन दिवस करावं लागतं. औषधंही त्यांनीच ठरवावीत. आयव्हरमेक्टिन कोली जातीच्या कुत्र्यांना घातक ठरू शकतं आणि आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तोवर जखमेवर स्वच्छ, कोरडं फडकं सैल बांधा आणि जनावराला चाटू देऊ नका. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना याचसाठी आहे. फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

आणि चावलाच, तर ‘घरचाच आहे’ म्हणून थांबू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच रुग्णालयात या.

अळ्या पडल्या म्हणून कुत्र्याला रस्त्यावर सोडणारेही आहेत. त्यांना एवढंच सांगतो : मधुमेही रुग्णांच्या पायात, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठीत आम्ही अशाच अळ्या पाहतो. माशी जात पाहत नाही, उघडी जखम पाहते. ती आपण तिच्या आधी पाहायला हवी. घरातल्या प्रत्येकाची, रोज.