विश्लेषण : शेगावात गेलेले केस परत आले, मग टक्कल का भरून येत नाही?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस अकोल्याशेजारच्या शेगाव तालुक्यात (जि. बुलढाणा) बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतल्या लोकांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत गळू लागले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीनंतर रेशनच्या गव्हातील जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस उगवले. मात्र, वयानुसार पडणारे टक्कल असे आपोआप भरून येत नाही. असे का?

केस गळणे आणि मूळ खराब होणे वेगळे

सेलेनियमसारख्या घटकाचा फटका वाढत्या केसाला बसतो. मुळाजवळच्या मूलपेशी शाबूत राहिल्या, तर नवा केस येतो.

अंगावरच्या काट्याचा काय संबंध?

थंडीत अंगावर काटा येतो, तो ‘अरेक्टर पिली’ या सूक्ष्म स्नायूमुळे. त्याचे एक टोक केसाच्या मुळाला, नेमके मूलपेशींपाशी, जोडलेले असते. हार्वर्ड आणि तैवानच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात दिसले, की या स्नायूच्या आधारानेच मज्जातंतू मूलपेशींपर्यंत पोहोचतो. स्नायू काढल्यावर मज्जातंतूही मागे सरला आणि नवे केस येणे मंदावले.

माणसांत काय दिसते?

टाळूच्या नमुन्यांच्या तपासणीत महत्त्वाचा फरक आढळला. चाई पडलेल्या जागी हा स्नायू मुळाला जोडलेला राहतो आणि तिथे केस परत येऊ शकतात. आनुवंशिक टकलात मात्र बारीक झालेल्या केसांपासून तो सुटतो, त्याच्या जागी चरबी दिसते. ही स्थिती सहसा उलटत नाही. अर्थात, स्नायू सुटणे हे टकलाचे कारण आहे की परिणाम, हे यातून सिद्ध होत नाही.

मग तेल, मालिश?

हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही, त्यामुळे त्याला ‘व्यायाम’ देता येत नाही. तेलाने किंवा मालिशने सुटलेला स्नायू पुन्हा जोडला जातो, याचा पुरावा नाही. शेगावच्या बातमीनंतर एखाद्याचे केस परत आल्याचा व्हिडिओ पाहून बाटली मागवण्याआधी गळती कोणत्या प्रकारची आहे, हे त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. आनुवंशिक टकलात उपचार लवकर सुरू झाले, तर उरलेले केस टिकण्याची शक्यता जास्त असते. जाहिरातींवर घालवलेले महिने नेमका तोच वेळ खातात.