'फिरायला जा' म्हणू नका, चपला घालून सोबत निघा



मागच्या आठवड्यात आपल्याच लोकांपैकी एका घरी गेलो होतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. पंचविशीतला मुलगा हैदराबादची नोकरी सोडून चार महिन्यांपासून घरी बसलाय. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं. बैठकीत आम्ही सात-आठ जण आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक औषध. एक म्हणाले, "पहाटे पाचला उठवा त्याला." दुसरे म्हणाले, "प्राणायाम लावा." तिसरे म्हणाले, "मोबाईल काढून घ्या, आपोआप ठिकाणावर येतो." एका मावशींनी तर फोनवर आलेल्या 'डिप्रेशन घालवणाऱ्या दहा सवयी' मोठ्यानं वाचून दाखवल्या. मुलाची आई नुसती मान हलवत होती. मी बसलो होतो तिथून त्या दाराखालची फट दिसत होती, आणि फटीत त्याची पावलं. पोरगा दाराला लागून उभा राहून सगळं ऐकत होता.

मी काही बोललो नाही. चहा पिऊन घरी आलो आणि मग राग आला. त्या लोकांचा कमी, स्वतःचा जास्त. कारण ही सगळी वाक्यं मी २५-२६ वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात बोललेलो आहे. सौ.ची परवानगी घेऊन लिहितोय.

१९९९ सालची गोष्ट. आमच्या मुलीचं लग्न झालं आणि पुढच्या दोन महिन्यांत यवतमाळला माझ्या सासूबाई गेल्या. तेरवी करून आम्ही आदिलाबादला परत आलो. सौ.चं घरकाम चालू होतं, पण त्यात जीव नव्हता. दारातली रांगोळी बंद झाली. समोर उभी असताना दूध उतू जायचं. त्या वर्षी लोणचं घातलंच नाही. पहाटे तीनला जाग यायची आणि ती छताकडे बघत पडून राहायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो, जीव लागत नाही कशात."

मी तेव्हा शाखेत अधिकारी. बी.कॉम. झालेला, आकड्यांचा माणूस. मी काय करावं? एक टाइमटेबल केलं! पाचला उठणे, साडेपाचला फिरणे, सहाला स्तोत्र, दुपारी वाचन, संध्याकाळी भजनी मंडळ. पट्टीनं रेघा मारून फ्रिजवर चिकटवलं. तिनं बघितलं, "बरं" म्हणाली. एक दिवस पाळलं गेलं नाही. पंधरा दिवसांनी मी चिडलो आणि म्हणालो, "तुला बरं व्हायचंच नाही." मंडळी, हे वाक्य माझ्या खात्यावर अजून थकबाकीत आहे.

तिला बाहेर काढलं ते माझ्या टाइमटेबलनं नाही. शेजारी एक तेलुगू अक्का राहायच्या, शिक्षण सातवी. रोज दुपारी चारला त्या सुपात चिंतचिगुरू, म्हणजे चिंचेचा कोवळा पाला, नाहीतर शेंगा घेऊन यायच्या आणि आमच्या ओट्यावर बसायच्या. "वदिना, जरा हात लावा." बस्स, एवढंच. बोलणं झालं तर झालं. आठवड्याभरानं म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत येता का?" मग रोज मारुतीपर्यंत. आणि एक दिवस मला बाजूला घेऊन त्यांनीच सांगितलं, "अन्ना, डॉक्टरला दाखवा. माझ्या आईला असंच होतं." आम्ही रात्रीच्या बसनं नागपूरला गेलो. नातेवाइकांना सांगितलं, हिची कंबर दुखते. मनाच्या डॉक्टरकडे जातोय हे सांगायची माझी छाती नव्हती. वर्षभर औषध चाललं. सौ. बरी झाली. आणि मी मूर्खासारखा कैक वर्षं समजत राहिलो की शेवटी 'सवयी लावल्या' म्हणूनच जमलं.

बुद्धी यायला २०२१ साल उजाडावं लागलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गांधी पार्कातल्या सकाळच्या सहा जणांपैकी दोघं गेले. मला स्वतःला काही झालं नव्हतं. पण पाऊस लागला तसा मी आतून बसत गेलो. पेपर घडीतच राहायचा. ३७ वर्षं कॅश टॅली केल्याशिवाय खुर्ची न सोडलेला माणूस मी, ब्रश हातात घेऊन अर्धा-अर्धा तास पलंगाच्या कडेवर बसून राहायचो. दात घासणं म्हणजे डोंगर वाटायचा. हा आळस नव्हता हो! आळशी माणसाला झोपून मजा येते. मला झोपूनही बरं वाटत नव्हतं. तेव्हा मला ते फ्रिजवरचं टाइमटेबल आठवलं. या अवस्थेत माझ्यासमोर कोणी ते चिकटवलं असतं तर मला एवढंच कळलं असतं, की मी आणखी एका कामात नापास झालो.

सौ. काही बोलली नाही. एक दिवस सकाळी सव्वासहाला माझ्या चपला पलंगापाशी आणून ठेवल्या. तिच्या पायात आधीच होत्या, हातात पिशवी. म्हणाली, "अहो, दूध आणायचंय, चला." पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. ती फाटकातून परत माझ्यासोबत आली, दुधाला एकटी गेली नाही. दुसऱ्या दिवशी डेअरीपर्यंत. अक्कांनी तिच्यासाठी जे केलं, ते तिनं माझ्यासाठी केलं. मी तिच्यासाठी केलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. हे जे 'स्वतःची काळजी घ्या' म्हणतात ना, त्यातल्या 'स्वतः' या शब्दावर माझा आक्षेप आहे. सवयी खोट्या नाहीत. वेळेवर उठणं, ऊन अंगावर घेणं, आंघोळ, चार घास, चार पावलं, एखाद्या माणसाशी दोन शब्द, या सगळ्यांचा उपयोग होतो. पण हा आजार पहिला घाला घालतो तो नेमका उठायच्या ताकदीवर. ज्याचा पाय मोडलाय त्यालाच म्हणायचं, चालत जाऊन कुबड्या आण! यादी देऊन आपण मोकळे होतो, आणि तो बरा झाला नाही की दोष त्याचाच.

बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. दुष्काळात कापूस बुडाला की पीककर्ज थकायचं. तेव्हा आम्ही शेतकऱ्याला 'सकारात्मक विचार करा आणि हप्ता भरा' असं सांगत नव्हतो. कर्जाचं रूपांतर करायचो, मुदत वाढवायचो, हप्ता लहान करायचो. कारण हप्ता झेपेल एवढा असला तरच तो भरला जातो. माणूस कोरडा पडला की दिवसाचा हप्ता असाच लहान करून द्यावा लागतो. आणि तो लहान करून देणं हे घराचं काम.

हे माझ्या मनचं नाही. 'मन झालं की करू' असं आपण म्हणतो. डिप्रेशनमध्ये हे उलटं चालतं: आधी हात हलतो, मन नंतर मागून येतं. गोव्यात 'संगत' या संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर काम केलं. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रुग्णाशी सहा ते आठ वेळा बसून त्याच्या दिवसात छोटी छोटी कामं परत आणली. त्याचा अहवाल २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. तीन महिन्यांनी या लोकांतले शंभरात ६४ आजारातून बाहेर आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारावर होते त्यांच्यात ३९. ते ६४ लोक यादी वाचून बरे झाले नाहीत. समोर माणूस बसला होता म्हणून झाले. आणि आपल्या अगदी जवळ, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. तिथेही गावपातळीवरचे कार्यकर्तेच घरोघर गेले. आधी डिप्रेशन असलेल्यांपैकी शंभरात चार-पाच जण मदतीपर्यंत पोचत होते, ते दीड वर्षात २७ वर गेले. माती आपलीच, कापूस आपलाच. मग आपल्याकडे का होऊ नये?

घरानं काय करायचं ते आमच्या अनुभवातून सांगतो. उठायची वेळ एकच ठेवा. आरडाओरडा नको, खिडकी उघडा आणि चहा तिथेच आणा. उजेड आत येऊ द्या. आंघोळ झेपत नसेल तर पाय आणि तोंड धुणं चालेल, पाणी तुम्ही काढून द्या. ताट भरून वाढू नका, अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण द्या, संपलं की लागलं तर पुन्हा. आपल्याकडचा उन्हाळा ठाऊकच आहे, तेव्हा चालायचं ते सातच्या आत, आणि डिसेंबरात कानटोपी घालून जरा ऊन चढल्यावर. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आवरा, नाहीतर रात्र जड जाते. दारू आणि शिंदी बंद. त्यानं दुःख हलकं होत नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं. आणि एक हाताचं काम रोज द्या, पण खरं काम: लसूण सोलणं, कुंडीला पाणी, नातवाची वही कव्हर करणं. मी एक रोजकीर्द ठेवायचो. दिवसभरात काय केलं ते जमा बाजूला. काय राहिलं ते लिहायचंच नाही. 'फाटकापर्यंत गेलो' ही पहिली नोंद अजून आहे माझ्याकडे. चुकलेल्या दिवसाचा हिशोब मागू नका. दुसऱ्या दिवशी चपला पुन्हा ठेवा.

आता काही जण म्हणतील, "आमच्या काळी नव्हतं हे असलं." होतं हो, सगळं होतं. 'तिला वारं लागलं', 'तो विरक्त झाला', 'ती फार अबोल' असं म्हणायचो. काही जण म्हणतील, "औषधाची सवय लागते." डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नसतात, डॉक्टर सांगतील तशा कमी करायच्या. थायरॉईडही तपासून घ्यावा लागतो, त्यानंही असंच होऊ शकतं. सवयी हा औषधाला पर्याय नाही, जोडीदार आहे. आणि "मुलीच्या स्थळाचं काय?" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: शुगरच्या गोळ्या आपण चारचौघांत खातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विम्यातही मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीनं धरायला सांगितलंय. कायदा पुढे गेला आणि आपण अजून नागपूरला 'कंबर दाखवायला' जातोय!

आपली एक जास्तीची अडचण आहे. १९५६ पासून आपण घरात मराठी आणि बाजारात तेलुगू. व्यवहार तेलुगूत होतो, पण 'जीव लागत नाही' हे तेलुगूत सांगता येत नाही. म्हणून सरकारची टेली-मानस सेवा लक्षात ठेवा, नंबर १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. इथे रिम्सला दाखवायला जाल तर घरातलं तेलुगू नीट बोलणारं माणूस सोबत न्या.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. माणूस मरणाची भाषा बोलू लागला तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्यातल्या पुष्कळ घरांत फवारणीचं औषध असतं. ते आजच्या आज कुलपात घाला, जमलं तर घराबाहेर ठेवा. कारण ती घडी टळली की माणूस पुष्कळदा वाचतो.

परवा सकाळी मी त्या मुलाच्या घरी परत गेलो. बैठकीत बसलो नाही. दारावर टकटक करून म्हणालो, "बाबू, गांधी पार्कापर्यंत जातोय, रस्ता ओलांडताना हात धरायला माणूस पाहिजे." दार उघडलं नाही. पण आतून आवाज आला, "उद्या बघू, काका."

उद्या म्हणजे काल झाला. काल गेलो, आजही जाऊन आलो. अजून दार उघडलेलं नाही. उद्या पुन्हा जाईन. तुमच्याही ओळखीत असं एखादं लोटलेलं दार असेल. दहा सवयींचा तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी तिथे जाऊन या.

पोस्ट लांबली, सांभाळून घ्या.

आपला,
एक जुना बँकवाला, आदिलाबाद