रीडिंग जुळवणारे इंजिनिअर

जेद्दाला वर्षाकाठी जेमतेम ५०-६० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात एका दुपारी पडतो तेवढा. तर आमच्याकडे नवीन आलेल्या एका मराठी पोराने जेद्दाच्या रोजच्या पावसाची फाइल वाचून सरासरी काढणारा प्रोग्राम लिहिला. उत्तर आलं, दिवसाला अडीचशे मिलिमीटर! चेरापुंजीने मान खाली घालावी.

बग साधाच. अमेरिकेच्या 'नोआ' संस्थेच्या या फाइलींत पावसाची नोंद नसेल त्या दिवशी रकान्यात ९९.९९ लिहितात. तेही इंचात, म्हणजे २५४० मिलिमीटर. दहातला एक दिवस असा निघाला की झालीच सरासरी अडीचशे. फाइलीसोबतच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण माहितीपत्रक वाचतो कोण? असो. नवख्याला हे माफ.

माझं भांडण त्याच्या दुरुस्तीशी आहे. पठ्ठ्याने एक ओळ टाकली: ५० मिलिमीटरच्या वरचं सगळं गाळा. "सर, आता बरोबर येतंय."

बरोबर म्हणजे काय रे? मनात होतं तसं!

२५ नोव्हेंबर २००९ ला याच जेद्दात वर्षभराचा पाऊस काही तासांत कोसळला आणि शंभरावर माणसं गेली. तो दिवस या ओळीने पुसला जातो. हीच ओळ मुंबईला लावा, २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर गायब. मग नाले बांधायचे कुठल्या आकड्यांवर?

आणि हे त्याला शिकवलं कुणी? आपणच. लंबकाच्या प्रॅक्टिकलला 'जी' ९.३ आला की आपण काय करायचो? ९.८ धरून उलटं गणित करायचं, रीडिंग जुळवायची, जर्नलवर सही घ्यायची. सरांनाही ठाऊक असायचं, हो! खरं रीडिंग लिहिणारा मात्र पुन्हा रांगेत.

"नवशिका आहे, एवढं काय?" असं म्हणणारे भेटतातच. अहो, फाइल वाचण्यात तो नवशिका आहे. आकडे जुळवण्यात त्याची अकरावीपासून तालीम झालीय.

ती ओळ मी काढायला लावली. आता त्याचा प्रोग्राम फक्त ९९.९९ वगळतो आणि सरासरीखाली किती दिवस वगळले तेही छापतो. शिवाय आधी फाइलीतल्या सात ओळींची बेरीज त्याने कागदावर करायची. कंटाळतो बिचारा. कंटाळू दे.