मातृभाषा : हिंदी

सिंगापूरच्या स्थानिक शाळेत मूल घालायचं म्हटलं की मातृभाषा सांगावी लागते. माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांनी तिथे 'हिंदी' सांगितलंय. आम्हीही.

तुम्ही म्हणाल, मराठी का नाही? कारण मराठी यादीतच नाही. चिनी, मलाय आणि तमिळ या मुख्य तीन. तमिळ नको असलेल्या भारतीय मुलांसाठी बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू. संपली यादी. मराठी, तेलुगू, मल्याळम वगैरे मंडळींनी यातलीच एखादी 'मातृभाषा' निवडायची. शिवाय हा विषय ऑप्शनला टाकता येत नाही. सहावीच्या अखेरीस जी मोठी परीक्षा असते तिचे विषय चार : इंग्रजी, गणित, विज्ञान आणि मातृभाषा. चारही सारख्याच वजनाचे. उशिरा आलेल्या परदेशी मुलांना कधी सूट मिळते, कधी फ्रेंच-जर्मन-जपानी घेता येते, पण त्यासाठी अर्ज करायचा आणि वाट बघायची.

आपल्या लोकांच्या गप्पांत या सक्तीबद्दल फार कुरकुर चालते. चार वर्षांसाठी आलोय, पोरांवर हे ओझं कशाला, वगैरे. मला ती पटत नाही. २०२० साली महाराष्ट्राने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला तेव्हा याच मंडळींनी टाळ्या वाजवल्या होत्या. मुंबईत बदलीवर आलेल्या तमिळ माणसाच्या पोराने मराठी शिकायची, आणि आपल्या पोराला मात्र इथे सूट? आणि यादीतल्या त्या पाच भाषांचे वर्ग चालवायचा भार बराचसा त्या त्या समाजाच्या संस्थांनीच उचललाय. आपण गणपती मात्र दणक्यात बसवतो. असो.

माझं भांडण सक्तीशी नाही, त्या शब्दाशी आहे. इथे 'मातृभाषा' म्हणजे आईची भाषा नव्हे, तुमच्या वंशाला नेमून दिलेली भाषा. चिनी लोकांचंही तेच झालं. इथल्या कित्येक चिनी आज्या होक्कियन, तिओच्यू, कँटनीज बोलत मोठ्या झाल्या. १९७९ साली सरकारने 'मँडरिन बोला' मोहीम काढली आणि नातवंडांची मातृभाषा मँडरिन झाली. आज तीही मागे पडतेय. २०२० च्या जनगणनेत ४८.३ टक्के लोकांनी घरात सर्वांत जास्त इंग्रजीच बोलतो असं सांगितलं. आजीची भाषा गेली ती गेलीच.

आपल्याकडची गंमत बघा. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय सरकारला लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. आणि त्याच वेळी इथे आम्ही पहिलीतल्या पोरांना हिंदीच्या वर्गाला सोडून बाहेर कॉफी पीत बसलो होतो! हिंदीला माझा विरोध नाही. उत्तम भाषा आहे, शिकावी. पण आमच्या चौथीतल्या चिरंजीवांना कुणी मातृभाषा विचारली की ते बेधडक 'हिंदी' सांगतात, आणि शाळेच्या हिशेबाने ते खोटंही नाही. ते ऐकून फोनवर साताऱ्याची आजी एकदम गप्प झाली होती. नंतर म्हणाली, "अरे, मग मी कोण?"

यावर शिक्षणखात्याला पत्रं लिहून फार काही होईल असं मला वाटत नाही. मराठीचे आईबाप मात्र एक फायदा घेऊ शकतात, जो तेलुगू-मल्याळम घरांना नाही. लिपी तीच आहे! हिंदीच्या तासाला पोराने अक्षरं गिरवली म्हणजे मराठी वाचनाची अर्धी वाट शाळेनेच चालून दिली. आम्ही रविवारी संध्याकाळी मराठी गोष्टीचं एक पान मोठ्याने वाचतो, आजी फोनवर ऐकते. अडतं ते 'ळ'पाशी. शाळेच्या हिंदीत ते अक्षरच नाही, त्यामुळे 'बाळ'चा 'बाल' आणि 'कावळा'चा 'कावला' होतो. आजी तिथल्या तिथे थांबवते आणि पुन्हा म्हणायला लावते. 'कावळा' यायला दोन महिने लागले. 'घळघळा' अजून यायचंय.